चालता माग

१

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर महिना. थंडी नुकतीच पडू लागली होती. सकाळी स्वेटर घालावा आणि दुपारी तो हातात वागवावा, असे दिवस. त्या महिन्यातल्या एका बुधवारी ज्येष्ठ महिला मंडळाची सहल नदीकाठच्या जुन्या कापड गिरणीला गेली. गिरणीचा भोंगा केव्हाच मुका झाला होता आणि तिचे आता संग्रहालय झाले होते.

ताईंना जायचे नव्हते. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती आणि जे दिसते त्यापलीकडे जाण्याची त्यांना हौस नव्हती. "आई मागावर उभी राहून राहून म्हातारी झाली. तसल्या जागी तिकीट काढून काय बघायचं?" हा त्यांचा सवाल. परंतु धाकटी बहीण हट्टाला पेटली होती.

"आपण आईची गिरणी आतून कधी पाहिलीच नाही," धाकटी म्हणाली.

"ही आईची गिरणी नव्हे. ती पाडली, तिथे आता गोदाम आहे."

"माग तर तसलेच असतील."

हा संवाद झाला, पण त्यात आवाज मात्र नव्हता. धाकटीला लहानपणी ताप आला आणि तो जाताना तिचे दोन्ही कान घेऊन गेला. दुसऱ्या एखाद्या घरावर आकाश कोसळले असते. या घराला नवे काही शिकावे लागले नाही. मागांच्या गदारोळात हाक मारून उपयोग नसतो. विणकर बायका ओठ ठळक हलवून, नुसत्या तोंडाच्या आकारांनी बोलतात. आई घरीही तशीच बोले. दोघी बहिणी ते आधी शिकल्या आणि बाराखडी नंतर.

आईची आणखी एक शिस्त घरात उतरली होती. चालता माग सोडून जायचे नाही, हा विणकर खात्याचा पहिला नियम. पाळी संपली की पुढची बाई येऊन माग चालू-बंद करायच्या मुठीवर हात ठेवी. पहिली म्हणे, "घे." दुसरी आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या छिद्राला ओठ लावून आतला दोरा श्वासाने बाहेर ओढी आणि म्हणे, "घेतला." तोवर पहिलीने जागचे हलायचे नाही, मग घरी कोणी अखेरच्या घटका मोजत का असेना. दोघी बहिणींच्या हातात तीच सवय मुरली होती. दुधाचे तापलेले पातेले असो, घराच्या किल्ल्या असोत, शेजारणीचे तान्हे मूल असो. "घे." "घेतलं." मगच पहिलीचा हात सुटे. एवढ्या वर्षांत त्या घरात हातातून पडून काही फुटले नव्हते, याचा ताईंना अभिमान होता.

२

संग्रहालयात त्यांना फिरवणारी मुलगी नम्र होती आणि तिचे पाठांतर चोख होते. बाष्पयंत्र झाले, सूतकताई झाली. मंडळाच्या चिटणीसबाई गळ्यात शिट्टी घालून सर्वांत मागे चालत होत्या.

"कुणी रेंगाळू नका गं. तुमच्या सुनांना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही."

"माझी सून प्रश्न विचारणार नाही, पेढे वाटेल," कोणीतरी म्हणाले, आणि त्या हशातच सगळ्या विणकर खात्यात शिरल्या.

दालन अवाढव्य होते. छताला करवतीच्या दातांसारखे उतार होते आणि त्यांच्या काचांतून कसलीही सावली न पाडणारा पांढरा उजेड झिरपत होता. मागांच्या रांगा शेवटच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. मुलीने सांगितले, की दारालगतचे दोनच माग प्रेक्षकांसाठी विजेवर चालवतात. बाकीच्यांचे पट्टे काढलेले आहेत. तिने एक धोटा वर धरून दाखवला. होडीसारखा लाकडी, आत सुताची कांडी, बाजूला चिनी मातीचे इवलेसे छिद्र.

"पूर्वी या बायका इथे तोंड लावून दोरा ओढायच्या. त्याने रोग पसरत. आम्ही मात्र आकडीने ओढतो."

कानांत घालायला सर्वांना स्पंजाचे बोळे मिळाले. धाकटीने आपला बोळा हसून परत केला. "मला जन्मभर पुरतील इतके आहेत," ती ओठांनी म्हणाली, आणि ताईंनी ते मुलीला मोठ्याने सांगितले. मुलगी ओशाळली.

माग सुरू झाले. आवाज कानांत शिरत नव्हता. तो तळपायांतून वर चढून दातांत येऊन बसत होता. मंडळाच्या बायका सरसावून पुढे झाल्या. ताईंनी सवयीने धाकटीकडे पाहिले.

धाकटी मागांकडे पाहत नव्हती. ती कोणाशी तरी बोलत होती.

ती घोळक्यापासून दूर, बंद मागांच्या एका रांगेत गेली होती. समोर पाहून ती म्हणत होती, "हो, कळतं मला." मग थोडी थांबून, "आई होती मागावर." पुन्हा थांबून, "पुष्कळच वेळ झाला म्हणायचा मग. दमलात तुम्ही."

ताईंनी तिच्या समोरच्या जागेकडे पाहिले. माग होता. मागाच्या पलीकडे दुसरा माग होता. दोहोंमध्ये तो पांढरा उजेड होता. मागावर अर्धवट विणलेले मळकट कापड होते, आणि त्याच्या काठाशी सुटलेला एक धागा एका बाजूला झुकून राहिला होता. जवळून कोणी श्वास सोडावा, तसा.

"घेते की मी," धाकटी म्हणाली. "त्यात काय एवढं? जाऊन या."

तिने मुठीवर हात ठेवला. धोटा उचलला. छिद्राला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. ताई दोन रांगा ओलांडून पोचेपर्यंत तिने मान वर करून, आईने शिकवले होते तसे, स्पष्ट म्हटले, "घेतला."

३

"कोणाशी बोलत होतीस?"

चहाच्या खोलीत दोघी खिडकीशी बसल्या होत्या. धाकटीच्या केसांवर कापसाचे बारीक तंतू होते. ताईंनी ते झटकले.

"इथल्या बाईशी. तिला घटकाभर जायचं होतं. कुणी तिला सोडवायलाच येत नव्हतं."

"दिसायला कशी होती?"

धाकटी विचारात पडली. "ओठ सुकलेले होते."

"आणि बाकीची?"

"बाकीची कुठे बघतो आपण? ओठांकडेच बघतो ना."

"आईसारखी होती का?" हे विचारल्यावर ताईंना स्वतःचाच राग आला.

"आई नव्हती," धाकटी तत्काळ म्हणाली. "आई असती तर तिने दिलाच नसता."

ताई उठून त्या मुलीकडे गेल्या. विणकर खात्यात तुमची कोणी बाई उभी असते का, किंवा एखादा मेणाचा पुतळा? मुलगी म्हणाली, की त्या खात्यात ती एकटीच असते आणि पुतळे फक्त बाष्पयंत्राशी आहेत, त्यांनाही मिशा आहेत. इतक्यात चिटणीसबाई तणतणत आत आल्या.

"आपल्यातली कोण गं ती, आधीच फाटकाबाहेर गेलेली? मी शिट्टी फुंकतेय, फुंकतेय, वळून बघायला तयार नाही. अनवाणी. या थंडीत."

सर्वांनी एकमेकींकडे पाहिले. सगळ्याच तिथे होत्या. सगळ्यांच्या पायांत काही ना काही होते.

"मग गावातली असेल कोणी," ताई म्हणाल्या. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुकानात त्यांनी हजारदा पाहिले होते: तक्त्यावरची अक्षरे दिसत नसली, तरी माणूस ती पाठ असल्यासारखी म्हणतो, आणि आपल्याला दिसलीच, अशी त्याची मनोमन खात्री असते. धाकटीने लहानपणापासून पाठ असलेला तक्ता आज म्हणून दाखवला. यापलीकडे काही नाही.

निघताना त्यांना धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्यात एक धागा चिकटलेला दिसला. त्यांनी तो चिमटीत धरून ओढला. तो वाटला त्यापेक्षा बराच लांब निघाला, आणि शेवटचे टोक ओले होते.

४

धाकटी रफू करण्यात तरबेज होती. फाटलेला कोट तिच्याकडून परत आला की फाटले कुठे होते, ते मालकालाही सापडत नसे. सहलीनंतरच्या आठवड्यात ती खिडकीशी उभी राहून रफू करू लागली.

"बसून कर ना. पाय दुखतील."

"बसवत नाही."

मग ती जेवायलाही उभी राहू लागली. ताईंना वाटले, कंबर धरली असेल. त्यांनी शेक दिला, उशी आणली, रागावून पाहिले. धाकटी खुर्चीच्या कडेला टेके, आणि दुसऱ्या क्षणी कोणी खांद्याला धरून उठवावे तशी उठे. रात्री ती अंथरुणावर पडे, पण तिचा उजवा हात पांघरुणाखाली सतत पुढे जाई, मागे येई.

डिसेंबर सरता सरता एके दुपारी ती ताईंपाशी आली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"ताई, तुम्हा सगळ्यांना हा असाच ऐकू येतो का?"

"काय?"

"आवाज."

ताईंच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. धाकटीने आवाज हा शब्द स्वतःच्या संदर्भात उभ्या जन्मात वापरला नव्हता.

"कसला आवाज येतो तुला?"

धाकटीने शब्द शोधले. तिच्यापाशी ते नव्हतेच. तिने टेबलावर तळहात आपटून दाखवले. डावा, उजवा. डावा, उजवा. न चुकता, न दमता. टेबलावरची कपबशी त्या ठेक्यावर नाचू लागली, आणि ताईंच्या तळपायांनी तो ठेका ओळखला.

"रात्रीही थांबत नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही माणसं झोपता कशी याच्यात?"

५

कानाच्या डॉक्टरांनी नळ्या घालून पाहिले, यंत्रे लावून पाहिली. कान पूर्वी होते तसेच होते, म्हणजे बंद. बहिऱ्या माणसालाही कानांत आवाज भासतात, यात नवल नाही, असे ते म्हणाले. ताईंना हायसे वाटले. शास्त्राने नाव दिले की निम्मे दुखणे उतरते, असा त्यांचा अनुभव होता.

हे दुखणे मात्र उतरले नाही. धाकटीला खोकला लागला. रुमालात पांढरट, तंतूंसारखे काही पडे. छातीच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचे काळे चित्र उजेडाला धरून विचारले, "या कापड गिरणीत किती वर्षं होत्या?"

"एक दिवससुद्धा नाही," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिले. खोटे बोलणाऱ्या नातेवाइकांकडे पाहतात, तसे. मग म्हणाले, "विश्रांती मिळाली नाही तर उन्हाळा काढणं कठीण आहे. झोपवा त्यांना. काहीही करून झोपवा."

झोपेच्या गोळ्यांनी धाकटी उभ्याउभ्या पेंगे, पण गुडघे वाकत नसत. एकदा ताईंनी तिला दोन्ही हातांनी दाबून पलंगावर धरून ठेवले. धाकटी रडू लागली.

"सोड ना, ताई. चालता माग सोडून कसं निजू? दोरा तुटेल."

"मग मला दे," ताई म्हणाल्या. "तू निज. मी बघते."

धाकटीच्या डोळ्यांत क्षणभर काही चमकले आणि विझले. "इथे कसा देऊ? माग तिकडे आहे. आणि तुला नकोच. ती घटकाभर म्हणाली होती. येईल परत."

ताईंच्या डोळ्यांपुढे फाटक आले, शिट्टी आली, थंड रस्त्यावरून भराभर लांब जाणारी अनवाणी पावले आली. ती पावले परत वळण्यासाठी चालत नव्हती, हे न पाहताही कळत होते.

ताई रात्रभर विचार करीत राहिल्या. दुकानात भिंग निवडताना त्या गिऱ्हाइकाला विचारीत, हे बरे की ते बरे? कधी कधी दोन्ही वेळा तीच काच लावीत आणि गिऱ्हाईक म्हणे, हे बरे. त्याने माणसाचे समाधान होई आणि डोळ्यांचे काही बिघडत नसे. हेही तसेच करायचे. तिथे जायचे, तिच्या समजुतीप्रमाणे चार शब्द म्हणायचे, की ती निजेल. आपल्याला त्यात काय लागते?

६

मार्चमध्ये उन्हे तापू लागली होती, पण त्या दालनातला उजेड तसाच थंड, बिनसावलीचा होता. एका शाळेची सहल आली होती. त्याच मुलीने दोघींना ओळखले आणि धाकटीकडे पाहून तिचे हसणे अर्ध्यावर राहिले.

"तो मागचा माग जरा जवळून पाहिला तर चालेल का?" ताईंनी विचारले.

"पाहा ना. पण त्याला पट्टाच नाही हो. काही दिसायचं नाही."

दाराशी माग सुरू झाले. मुले कान झाकून खिदळली. ताईंनी स्पंजाचे बोळे कानांत घट्ट बसवले आणि धाकटीला दंडाला धरून त्या रांगेत नेले. माग होता तसाच होता. कापड मात्र वाढले होते. नोव्हेंबरात ते हातभर होते. आता पुढचा रूळ त्याने जाड झाला होता. ताईंनी ते पाहिले, आणि संग्रहालयाची माणसे अधूनमधून विणत असतील, असे स्वतःस बजावले.

धाकटी मागापाशी उभी राहिली. तिचा हात मुठीवर गेला आणि इतक्या महिन्यांत प्रथमच त्या हाताचे पुढेमागे होणे थांबले.

ताईंनी त्यावर आपला हात ठेवला. "दे."

"नको."

"दे म्हणते ना. मी थोरली आहे."

"नुसतं म्हणायचं नसतं, ताई. खरंच घ्यावं लागतं." धाकटीने मूठ सोडली नाही. "तुला कोण सोडवणार?"

खोकल्याची उबळ आली आणि ती मागावर ओणवली. तिच्या पाठीची हाडे स्वेटरमधून मोजता आली असती. मार्गदर्शक मुलगी लांबून वळून पाहू लागली. ताईंना आईची आठवण झाली. शेवटच्या वर्षात तीही अशीच ओणवत असे, आणि सरळ होताना आधी मुठीकडे पाही.

"आई काय म्हणायची?" ताई म्हणाल्या. "समोरची दमली की विचारत बसायचं नाही. हात पुढे करायचा."

धाकटी सरळ झाली आणि तिने आधी मुठीकडे पाहिले. मग तिचे ओठ हलले.

"घे."

ताईंनी धोटा उचलला. तो हाताला उबदार लागला. मुलांपैकी कोणी हाताळला असेल. त्यांनी छिद्राला ओठ लावले. चिनी माती ओली होती. तेलाची, सुताची आणि पुष्कळ तोंडांची चव जिभेवर आली. आता मागे फिरावे, असे त्यांच्या मनात आले, आणि त्याच वेळी शेजारी धाकटीचा तो कोरडा खोकला पुन्हा सुरू झाला. ताईंनी श्वास आत ओढला. दोरा सरळ घशाशी आला.

"घेतला," त्या म्हणाल्या.

कानांतल्या बोळ्यांचा काही उपयोग राहिला नाही.

त्यांनी डोळे वर केले. बंद मागांच्या रांगा शेवटच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या, आणि एकही माग मोकळा नव्हता. चेहरे दिसले, असे त्यांना पुढेही कधी म्हणता आले नसते. ओठ दिसले. सुकलेले, सूत ओढून ओढून एका कडेला झिजलेले ओठ, रांगेमागून रांग. दाराशी हसणाऱ्या मुलांकडे ते वळलेले होते. आपल्याला वाचणारे कोणी आहे का, हे धुंडीत होते. मग त्यांतले जवळचे ताईंकडे वळले. त्यांच्यामागचे वळले. वाऱ्याने शेत कलावे तसे अगदी शेवटच्या भिंतीपर्यंतचे सारे ओठ ताईंकडे वळले आणि सगळे मिळून एकच शब्द म्हणू लागले.

घे. घे. घे.

उमेदीची सारी वर्षे लोकांना 'डोळे उघडे ठेवा' म्हणून सांगणाऱ्या ताईंनी आपले डोळे घट्ट मिटून घेतले. धाकटीने त्यांचा हात धरला आणि त्यांना ठेच लागू न देता, वळणावळणाने, बाहेर उन्हात आणले.

७

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. धाकटी खिडकीशी बसली. बसली, मागे टेकली, आणि गाव मागे पडायच्या आत झोपली. तिचे तोंड किंचित उघडे होते आणि श्वास लहान मुलासारखा स्वच्छ चालला होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ते हलत नव्हते.

वाहक तिकिटे फाडीत आला आणि ताईंपाशी थांबला. त्याचा आवाज त्यांना आला नाही. ओठ मात्र सहज वाचता आले.

"आजी, अख्खी बस रिकामी आहे. बसा की."

ताईंनी शेजारच्या मोकळ्या आसनाकडे पाहिले. त्यांनी गुडघे वाकवून पाहिले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. आपण किती मोठ्याने बोललो, हे त्यांना कळले नाही. पुढच्या दोघा-तिघांनी वळून पाहिले. त्यांनी वरची दांडी धरली. दुसऱ्या हातात पिशवी होती, आणि तो हात पुढे जाई, मागे येई.

उतरण्याचा थांबा जवळ आला तेव्हा धाकटी जागी झाली. तिने डोळे चोळले. तिच्या गालांवर रंग आला होता. ताई उभ्या आहेत, हे पाहून तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या घराच्या जुन्या सवयीने तिने हात पुढे केला.

"दमलीस ना? पिशवी दे. मी घेते."

ताईंनी तिच्या हाताकडे पाहिले. रफू करणारा, बारीक बोटांचा, सढळ हात. त्यांच्या ओठांवर 'घे' हा शब्द आलाच होता. माग तिकडे राहिला होता, तरी शब्द त्यांनी दातांमागे अडवून धरला. पिशवी त्यांनी मोकळ्या आसनावर ठेवली, तिच्यावरून आपला हात पूर्णपणे काढून घेतला आणि तोंड दुसरीकडे वळवले. धाकटीने पुढे केलेला हात मागे घेतला. मग तिने ती पिशवी आपली आपण उचलली.

सन एकोणीसशे नव्व्याण्णव, मार्च महिना, पहिला गुरुवार. प्रकरण मिटले ते त्या दिवशी. त्यानंतर त्या घरात दुधाचे पातेले असो की किल्ल्या, थोरली ती वस्तू मेजावर ठेवते, दूर होते, आणि मगच धाकटी उचलते. हातातून हातात काही जात नाही.